प्लँटचे दाजी

आमच्या भागात लेकीच्या नवऱ्याला जेवढा मान मिळतो तेवढा देवालाही मिळत नाही. देवापुढचं ताट नैवेद्य दाखवून परत उचलता येतं. जावई ताट परत देत नाही. चेष्टा म्हणून सांगत नाहीये. माझी उभी नोकरी या एका मानापायी गेली, आणि ज्यांनी ती घालवली त्यांच्यापैकी एकालाही आपलं काही चुकलं असं अजून वाटलेलं नाही.

पारनेर तालुक्यात एक खाजगी दूध डेअरी आहे. मालक आमच्याच गावचे, सगळे त्यांना आबा म्हणतात. दुग्धतंत्राची पदवी घेऊन मी तिथल्या लॅबमध्ये लागले, तेव्हा त्यांनी चार माणसांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की ही आपल्या गावची लेक आहे, हिला ताई म्हणायचं. मला भरून आलं होतं. काय अक्कल! लेक म्हटलं की पगार कमी दिला तरी चालतो, आणि रुसून रुसून ती जाणार कुठं?

लॅबचं काम तसं साधं. टँकर गेटवर आला की झाकण उघडून नमुना घ्यायचा. वास, आंबटपणा, पाणी, युरिया बघायचं, आणि शेवटी कागदी पट्टी बुडवायची. गायीला दुखण्यावर टोचलेलं औषध दुधात उतरलंय का ते त्या पट्टीवर कळतं. असं दूध रोज पोटात गेलं तर उद्या खऱ्या आजारात माणसाला औषध लागू पडत नाही. म्हणून तो टँकर आत घ्यायचा नसतो. पण लॅब फक्त सांगते, दूध वाईट आहे. ते घ्यायचं की परत पाठवायचं ते प्लँटचा प्रमुख ठरवतो. आणि मी पाहिलेले सगळे प्रमुख एका फोनवर विरघळायचे. फोन आबांचा, टँकर आबांच्या कुठल्यातरी पाहुण्याचा. मी पट्टी हातात धरून उभी असायचे आणि माझ्यासमोर पाइप जोडला जायचा.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. 'टँकर परत' असं मी म्हणावं आणि टँकर परत जावा. बाकी केबिन, एसी, गाडी गेली खड्ड्यात.

ते मिळालं, पण कसं, तर शेवटच्या प्रमुखाला पुण्याकडच्या मोठ्या डेअरीनं उचललं, आणि आमच्या माळावर राहायला यायला दुसरा कुणी तयार होईना. तात्पुरतं म्हणून मला बसवलं. मी तात्पुरती असताना एवढे टँकर परत पाठवले की ड्रायव्हर मला बघून आधीच इंजिन चालू ठेवायचे. पाहुणेमंडळी आबांकडे कुरकुरली. पण मालाची तक्रार येणं थांबलं, दर चांगला मिळायला लागला, आणि आबा माणूस पैशाला ओळखणारा. मला कायम केलं.

त्यातच कंपनी शेअर बाजारात उतरवायची टूम निघाली. पुण्याहून सल्लागार आले, कडक इस्त्रीचे, ताकाऐवजी काळी कॉफी मागणारे. ते म्हणाले की संचालक मंडळात बाई पाहिजे, आणि नुसती सहीची नको, कामातली असली तर गुंतवणूकदारांवर छाप पडते. आबांनी आधी घरात शोध घेतला. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकींना, मीटिंग म्हटलं की दम लागायचा, आणि सूनबाईंनी पुण्यातून स्वच्छ नाही सांगितलं. मग आबांची नजर माझ्यावर आली.

"बाईच पाहिजे म्हणतायत, तर आपली ताई काय वाईट आहे?" ते म्हणाले.

अशी मी संचालक झाले. घरात दुसरं भांडं सापडेना तेव्हा फळीवरचं काढतात, तशी. मला त्याचं काही वाटलं नाही. आता टँकर परत पाठवताना माझ्या शब्दाला कुणी हात लावणार नाही, एवढंच मनात होतं.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. आमच्या प्लँटवर खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, आणि ती प्लँटचा प्रमुख जोडीनं करतो, अशी पहिल्यापासूनची रीत. आधीच्या साहेबांच्या बायका त्या दिवशी नऊवारी नेसून यायच्या, पूजा झाली की पेढे घेऊन घरी जायच्या, वर्षभर पुन्हा दिसायच्या नाहीत. मी सकाळी साडी नेसून पाटापाशी जाऊन उभी राहिले, तर गुरुजी माझ्या मागं बघायला लागले. यजमान कुठं आहेत? मी म्हटलं, यजमान मीच. गुरुजी हसले, लहान पोरीला हसतात तसे. आबांनी लगेच गाडी धाडली आणि आमच्या ह्यांना दुकानातून उचलून आणलं. ह्यांचं पारनेरला ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे. पाइपचा तुकडा मापून देता देता आलेले, शर्टाला अजून प्लॅस्टिकचा कीस चिकटलेला. कुणीतरी सोवळं नेसवलं, टोपी घातली, आणि पाटावर बसवलं.

ज्यांनी पूजा जोडीनं केली असेल त्यांना माहीत आहे. पूजा नवरा करतो. बायकोनं त्याच्या हाताला हात लावून बसायचं, म्हणजे अर्धं पुण्य तिला पोचतं. ज्या यंत्रात दूध तापतं आणि ज्याचा एकेक नट मी ओळखते, त्याला हळदकुंकू हे वाहत होते आणि मी ह्यांच्या कोपराला बोट लावून बसले होते. मध्येच ह्यांनी हळूच विचारलं की हे काय आहे, बॉयलर का? बॉयलर मागच्या शेडमध्ये होता. पण पूजेत बायकोनं मध्ये बोलायचं नसतं.

पूजा झाल्यावर आबांनी ह्यांना कपडे, उपरणं, टोपी असा पूर्ण पोशाख केला. गावची लेक, म्हणून हे गावचे जावई. मी ताई, म्हणून हे दाजी. पोरांनी रांगेनं वाकून नमस्कार केले. दुसऱ्या दिवशी गेटवर फ्लेक्स लागला, माझी संचालकपदी निवड झाली म्हणून. त्यात ह्यांचा चेहरा माझ्याएवढाच, उलट टोपीमुळं थोडा मोठाच. खाली लिहिलं होतं, शुभेच्छुक, समस्त कामगारवर्ग. माझी निवड आणि टोपी ह्यांची.

पुढचं इतकं हळूहळू झालं की मला ओरडायची जागा सापडली नाही. हे संध्याकाळी मला न्यायला यायचे, ते आधीपासूनच. आता गेटवरचा वॉचमन त्यांना बाहेर उभं राहू देईना, दाजी उन्हात कसे उभे राहतील? मग माझ्या केबिनमध्ये खुर्ची. मग चहा. मग हे दुपारीच यायला लागले आणि दुकान धाकट्या दिरावर सोडलं. आबांना माझ्याकडं काही काम असलं की ते फोन ह्यांना करायचे. का, तर लेकीला टोचून कसं बोलायचं, जावयाच्या कानावर घातलं म्हणजे तो समजुतीनं घेतो. संचालक मंडळाच्या बैठकीला हे मला सोडायला आले, तर आबा म्हणाले, दाजी, बाहेर कशाला, बसा की. बसले. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी खुर्ची मांडूनच ठेवलेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो माझ्याच डाव्या हाताला बसून काजू खात होता.

लॅबमध्ये मी स्वतः निवडलेल्या दोन पोरी होत्या. एकदा त्यातल्या एकीला मी मशीन दोन तास बंद ठेवायला सांगितलं, तर ती अगदी निरागसपणे म्हणाली की ताई, दाजींना विचारलंय ना? मी तिच्याकडं असं बघितलं की ती दिवसभर माझ्यासमोर आली नाही. पण तिला बोलून उपयोग काय होता?

घरी मी ह्यांच्याशी भांडले. एकदा नाही, कितीदा. ह्यांचं उत्तर ठरलेलं. मी काय मागून घेतलं का? लोक मान देतायत. नको म्हटलं तर तुझंच नाव वाईट होईल, म्हणतील बाई नवऱ्याला धाकात ठेवते. हे खरंही होतं, हेच तर दुखणं. मी दाजींना उठवलं असतं तर प्लँटमध्ये मी गर्विष्ठ, आणि बसू दिलं तर मी नुसती फ्लेक्सवरची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. माझ्या हाती तोही नव्हता.

तरी टँकर अजून माझा होता. ते एवढं मी सोडलं नव्हतं.

आबांनी धाकट्या मुलीचं लग्न जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या बागायतदारांत करून दिलं. त्या व्याह्यांचं दूध गोळा करायचं सेंटर होतं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. इथं घोड्याऐवजी टँकर. पहिल्याच खेपेला पट्टीवर औषध आलं आणि मी टँकर परत पाठवला. आबा मला काहीच बोलले नाहीत. ह्यांना बोलले. घरी हे जेवताना म्हणाले की व्याह्यांचा टँकर परत पाठवणं म्हणजे पोरगी माहेरी परत पाठवण्यासारखं आहे, तुला कळत कसं नाही. मी म्हटलं, पोरीत औषध नसतं. हे पानावरून उठले. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात कार्यक्रम होता, उद्योगातल्या महिला नेतृत्वाचा गौरव वगैरे. सल्लागारांनीच माझं नाव पाठवलेलं. आबा म्हणाले, जा ताई, डेअरीचं नाव होईल. मी गेले. तिथं सगळ्या बायकांना व्यासपीठावर बोलावून काचेची एकेक ढाल दिली. एका बाईनं छान भाषण केलं, की टेबलाभोवती जागा मिळत नसेल तर आपली खुर्ची आपण घेऊन या. मी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी माझ्या केबिनमधल्या खुर्चीवर कोण बसलं होतं ते मला माहीत नव्हतं.

परत आले तेव्हा व्याह्यांचा टँकर कधीचाच रिकामा होऊन, धुऊन गेटमधून बाहेर निघत होता. ढाल हातात, मी तशीच धावत पाइपापाशी गेले. दूध मोठ्या टाकीत चांगल्या दुधात जाऊन मिसळलं होतं, अर्ध्याच्या पिशव्या भरून गाड्या नगरला गेल्याही होत्या. लॅबची पोर रडत होती. तिनं पट्टी बघितली होती, नको म्हणाली होती. पाइप जोडणारा माणूस खाली मान घालून म्हणाला, "ताई, दाजी म्हनले घ्या आत, ताईशी बोलनं झालंय. आमी काय करनार? दाजींचा शब्द कसा मोडायचा?"

हे केबिनमध्येच होते. माझ्याशी बोलणं झालं होतं का, असं मी विचारलं, तर म्हणाले की तू कार्यक्रमात होतीस, फोन कसा करायचा. आबांचा फोन होता, आणि एवढ्या मोठ्या टाकीत एक टँकर म्हणजे काय? मी तोंडाला येईल ते बोलले. बाहेर दहा माणसं ऐकत होती आणि त्यांना दाजींची दया येत होती, ते मला त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

बाजारातल्या पिशव्या परत मागवा म्हणून मी आबांकडे गेले. ते म्हणाले की बोभाटा होईल, शेअर बाजाराचं काम तोंडावर आलंय, एका दिवसाचं दूध लोक पिऊन मोकळे झाले. उरलेल्या दुधाची पावडर झाली. एवढी पावडर की मागच्या गोदामात पोती छताला लागली, कारण आबांनी ती टाकी बंद करू दिली नाही आणि पुढचं दूध त्यातच पडत गेलं. ती मी अडवली. बिस्किटवाल्यांची गाडी आली, मी पोती उचलू दिली नाहीत. पुन्हा आली, पुन्हा नाही. गोदामाची किल्ली मी कमरेला लावून हिंडत होते, जुन्या सासवांसारखी. आबा रोज गोड बोलायचे आणि हे रोज घरी कडू. मला खात्री होती, आज ना उद्या मी रजेवर जाईन आणि दाजी कुलूप फोडून देतील.

त्याआधी अन्न खात्याचे अधिकारी आले. नगरच्या एका दुकानातून त्यांनी आमची पिशवी उचलली होती, तपासणीत औषध निघालं होतं. आबांच्या मोठ्या दालनात बसवलं त्यांना. आबा, हिशेब बघणारे साहेब, पुण्याचा एक सल्लागार, मी, आणि माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीवर, सवयीप्रमाणे, हे. काजू आले. अधिकाऱ्यांनी काजूला हात लावला नाही आणि विचारलं की प्लँटमध्ये दूध घ्यायचा निर्णय कोण घेतं?

आबा अजिबात अडखळले नाहीत. "सगळं ताईंकडं. आम्ही त्यात ढवळाढवळ करत नाही. महिला आहेत, पण पूर्ण अधिकार दिलेत."

हिशेबवाल्यांनी मान डोलावली. सल्लागार म्हणाला की मॅडमना नेतृत्वासाठी पुरस्कारही मिळालाय, आणि आबांच्या कपाटातून माझी ढाल काढून दाखवली. त्या दालनात मी प्लँटची प्रमुख आहे असं सगळे पुरुष एका सुरात पहिल्यांदाच बोलत होते. इतकी वर्षं हे ऐकायला माझे कान आसुसले होते, आणि ऐकायला मिळालं ते फासाचा दोर मापताना.

अधिकाऱ्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. आपण कोण?

हे खुर्चीवरून उठले. त्या खुर्चीवरून आपणहून उठलेलं मी त्यांना तोवर बघितलं नव्हतं.

"मी यांचा मिस्टर," हे म्हणाले. "सोडायला आलोय."

आणि जाऊन दारापाशी उभे राहिले.

मला खरं सांगता आलं असतं. टँकर कुणी आत घेतला, फोन कुणाचा होता, पाइपवाल्याला बोलावलं असतं तर तोही कदाचित बोलला असता. पण त्यासाठी मला परक्या माणसासमोर म्हणावं लागलं असतं की माझं इथं कुणी ऐकत नाही, मी नावाची प्रमुख आहे, मी नसले की माझा नवरा प्लँट चालवतो. ही बाई मरेल पण असं म्हणणार नाही, याची आबांना पक्की खात्री होती. लेक म्हणून वाढवलेली, ओळखणारच. आणि तिथपर्यंत त्यांचं बरोबर होतं.

"हो," मी म्हटलं. "प्रमुख मीच. तो टँकर आत आला, ती जबाबदारी माझी."

आबांनी श्वास सोडला. चहा सांगा रे, म्हणाले.

"आणि प्रमुख म्हणून सांगते," मी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "त्याच टाकीची पावडर मागच्या गोदामात भरलीय. तुमच्याकडं फक्त पिशवीची तक्रार आहे, गोदामाची नाही. ते सगळं सील करा. नष्ट करायला माझी संमती आहे, आत्ता सही करते."

आबा नुसतं "ताई" म्हणाले. मग "ताई, अगं" म्हणाले. अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडं वळून विचारलं की अधिकार यांचेच ना, आत्ता तुम्हीच म्हणालात. सल्लागारानं हळूच ढाल कपाटात ठेवून दिली.

माझा शब्द त्या डेअरीत कुणी न मोडता चालला तो त्या एका दुपारी. गोदामाला सील लागलं, मी समोर उभी राहून बघितलं, आणि मला आनंद झाला. उगाच दुःख झालं म्हणून कशाला सांगू? आबांचा चेहरा बघून झाला, ह्यांचा बघून त्याहून झाला. शेअर बाजाराचं स्वप्न त्या पोत्यांबरोबर पुरलं गेलं. ज्यांनी ते दूध प्यायलं त्या लोकांना मात्र यातलं काही कळलं नाही, आणि त्यांच्यासाठी मला काही करता आलेलं नाही, हेही खरं.

मला काढलं ते ओघानं आलंच. गावात म्हणतात की लेकीनं बापाचं घर बुडवलं. तेव्हा नाही म्हणालेल्या सूनबाई आता पुण्याहून संचालक आहेत, सहीपुरत्या, फ्लेक्सवर त्यांचा फोटो मोठा आहे. केस माझ्या एकटीच्या नावावर चालू आहे. आबांवर नाही, व्याह्यांवर नाही, आणि दाजींवर तर कशी असेल? दाजी तर कुणीच नव्हते. पारनेरच्या बाजारात डेअरीची पोरं भेटली की मला बघून रस्ता बदलतात. ह्यांना मात्र अजून लांबून हात करतात, राम राम दाजी, चहा घ्या.

हे पुन्हा दुकानात बसतात. मला तारखेला नगरच्या कोर्टात जावं लागतं. माझ्याकडं माझी स्कूटर आहे, पारनेरहून एसटीही आहे. पण मी ह्यांनाच दुकान बंद करायला लावते, गिऱ्हाईक उभं असलं तरी. पहिल्यांदा हे म्हणाले की तू एकटी जाऊ शकतेस की. मी म्हटलं, अहो, तुम्हीच साहेबांना सांगितलंत ना, सोडायला आलोय म्हणून? मग सोडा.

तेव्हापासून प्रत्येक तारखेला सोडतात. दारापर्यंत. आत आरोपीला पुकारतात तेव्हा मी एकटी जाऊन उभी राहते, आणि हे बाहेर उन्हात थांबतात. तिथला शिपाई त्यांना खुर्ची देत नाही.